बांधावरची बांडी धामीन

आमच्या रानात कुठल्या कुठल्या जातीचे साप हुते ते मी सांगाया लागलो की ऐकनाऱ्याला वाटतं, गडी लई धीराचा दिसतोय. तसलं काय न्हाई. साप वळखायला धीर लागत न्हाई. डोळे लागत्यात, आन मग पळायला पाय लागत्यात. ही दोन्ही देवानं मला झकास दिली, शाळंचं तेवढं इसरला. म्हनून मी बोलतोय आन सून लिहितीय. अक्षार चांगलं दिसलं तर ते तिचं, आन गोष्टीत जो येडा दिसंल तो मी.

कोल्हारच्या खालच्या अंगाला, प्रवरेच्या काठी आमचं रान. वर मुरमाड माळ, मधी काळी जमीन, खाली नदीची वाळू. जमीन तीन तऱ्हेची, तवा जनावरंबी तीन तऱ्हेची. माळावर दगडाखाली फुरसं. हातभर लांब, मातीच्या रंगाचं. जवळ गेलं की वेटोळ्यावर वेटोळं घासून असं खर्र खर्र करायचं, जशी कढईत भजी टाकली. आवाजावरनं भजी समजून कुनी जवळ जाऊ ने. काळ्या रानात कडब्याच्या गंजीत घोनस. जाड, सुस्त, पाठीवर साखळीवानी गोल गोल ठिपके, आन फुसकारली तर लोहाराचा भाता. घराच्या भिताडात मन्यार, काळीनिळी, अंगावर पांढऱ्या बारीक आडव्या रेघा. आन तिच्यासारखंच सोंग घेतल्याला बिनइखारी कवड्या. नदीच्या पान्यात दिवड, अंगावर सोंगट्यांच्या पटावानी चौकोन. ती मासं धरायची, आन आमी पोरं म्हशी धुताना मधी आलो तर तिलाच आमचा राग यायचा. वाळूत मांडूळ. त्याचं तोंड कुठलं आन शेपूट कुठलं ते कळत न्हाई. मी एकदा श्रावनी सोमवारी मोठ्या भक्तीनं त्याच्या तोंडापुढं हात जोडले, तर ते दुसऱ्याच अंगानं चालाया लागलं.

आमच्या गावात दुसऱ्या कुनाच्या रानात एवढी जनावरं नव्हती. लोकं बैलजोडीचा तोरा मिरवायची, आमी सापांचा. म्हंजे आबा मिरवायचे. आबा म्हंजे माझा बाप. ते म्हनायचे, "साप कुठं ऱ्हातो? जिथं खायला असतं तिथं. रान भरल्यालं हाय म्हनून आल्यात." मला ते पटायचं, पन लांबून. एकदा बाजरीत खुरपताना माझ्या पायाला काय तरी गार लागलं आन मी जो बोंबलत सुटलो तो वढ्याला जाऊन थांबलो. आबांनी जाऊन बघितलं तर सापाची कात. आतला साप कवाच निघून गेल्ता. आबा ती कात काठीवर घेऊन आले आन घरात सगळ्यांना म्हनाले, "ह्यो बगा, ह्याला सापाच्या सदऱ्यानं पळवला."

पन सगळ्यात मान हुता तो बांडीचा.

बांडी म्हंजे आमच्या बांधावरची धामीन. बांधाच्या दगडांत बाभळीच्या मुळाशी तिचं बीळ. मानसापरीस लांब, पिवळट तांबूस अंग, मागं मागं जाल तसे काळे पट्टे, डोळे मोठे आन गोल, आन व्हटाला काजळ लावल्यावानी काळ्या रेघा. शेपटीचं टोक तुटल्यालं. आबा म्हनायचे मुंगसानं नेलं. दिवसाढवळ्या हिंडायची, ती काय चोरावानी न्हाई. मान वर करून बाजरीच्या धाटांतनं अशी जायची की वरची कनसं हलायची आन खाली कोन हाय ते दिसायचं न्हाई. उंदराच्या बिळात मुंडकं घातलं की अर्धी आत. भाईर निघायची ती गळ्यापाशी फुगून. आबांची तिच्यावर एवढी भिस्त की पेरनी झाली की म्हनायचे, "माझं काम झालं, आता तिचं."

तो बांध सामाईक हुता. अल्याड आमी, पल्याड आबांचे थोरले भाऊ. त्यांना सगळं घर तात्या म्हनायचं, आबाबी. मानूस मनानं वाईट नव्हता, पन एकदा बोललं की बोललं. आबांनी जन्मात थोरल्या भावापुढं मान वर केली न्हाई. तिथंच सगळा घोळ झाला.

लढाईचं साल हुतं. तात्यांनी चैतात घोडेगावच्या बाजारातनं म्हैस आनली. काळीभोर, शिंगं वळल्याली, मागं दोन म्हैन्याचं रेडकू. दलालानं छातीला हात लावून सांगितल्यालं, आत्ताच येल्याली हाय, वरीसभर चरवी भरंल. आखाड लागला आन म्हशीनं दूध चोरलं. चरवी अर्धी, मग तांब्या. आन रेडकाला तर ती पैल्यापास्नंच लाथ घालायची.

आन नेमकी बांडी एक दिशी तात्यांच्या गोठ्यातनं निघताना त्यांना दिसली.

मग काय! धामीन म्हशीच्या मागच्या पायांना इळखा घालून दूध पिती, हे तर आमच्याकडं आईच्या पोटातनं शिकून येत्यात. तात्या तरातरा आमच्या अंगनात आले. "तुझी ती बांडी माझी म्हैस पिती," त्यांनी आबांना सांगितलं. "पायाला वळ हायेत म्हशीच्या. ये, बग."

आबा म्हनाले, "तात्या, गोठ्यात वैरन हाय, वैरनीत उंदरं हायेत. ती उंदराला गेली असंल."

"उंदरं काय चरवी पित्यात?"

आबांनी मान खाली घातली.

माझी बायको चुलीपाशी हुती. ती अकोल्याकडची, डोंगरातली. थोरल्या सासऱ्यापुढं बोलायची रीत नव्हती, पन तिनं त्याच्यावर इलाज काढल्याला. तिला तात्यांना काय सांगायचं असलं की ती आमच्या गायीला सांगायची. पदर डोक्यावर घेऊन ती गायीला म्हनाली, "अगं कपिले, म्हशीचं दूध धामीन न्हाई पीत, तिच्या पोटातलं पितंय. ती सात म्हैन्याची गाभन हाय. पायाला वळ हायेत ते दाव्याचे."

तात्यांनीबी गायीकडंच तोंड केलं. "कपिले, तुझ्या मालकिनीला सांग, पाच म्हैन्याचं रेडकू मागं आन सात म्हैन्याचं पोटात, असलं गनित डोंगरात चालत असंल. हिकडं न्हाई." आन मग आबांना म्हनाले, "बांध माझाबी हाय. पंचमीपत्तुर मी तिला हात लावनार न्हाई, पाप हाय. पंचमीच्या दुसऱ्या दिशी पहार घेऊन येतो. बीळ उकरतो आन ठेचतो."

ते गेले. आबा उंबऱ्यावर बसून ऱ्हायले. त्या दिवशी ते जेवले न्हाईत. रानात गेले ते बांधावर न जाता दुसरीकडनंच गेले, जसं कुनाला तोंड दाखवायचं न्हाई. माझ्या बापाला असं कधी बघितलं नव्हतं. मग मला काय झालं कुनास ठाऊक, मी बोलून गेलो, "आबा, मी तिला धरतो आन पोत्यात घालून नदीपल्याड सोडून येतो."

आबांनी माझ्याकडं वरपास्नं खालपत्तुर बघितलं. "कात धरून दाखव आधी," म्हनाले.

पन मी खराच गेलो. पोतं घेतलं. बांडी बिळाच्या तोंडाशी ऊन खात पडल्याली. मी मागनं गेलो. मला वाटलं शेपूट धरावं, तर शेपूट अर्धं नव्हतंच. मी धरायच्या आत ती वळली. पळाली असती तर बरं हुतं. तिनं मान अशी आडव्या अंगानं फुगवली आन गुरगुर केली, मांजर म्हना, कुत्रं म्हना, त्या आवाजात. सापानं गुरगुरावं ह्याची मला कल्पना नव्हती. मी "आरं" म्हनायला तोंड उघडलं आन तिनं अंगठ्याला चावा घेतला, सोडला, आन गेलीबी.

मी अंगठा बघितला. रगत. मी तिथंच बाभळीखाली आडवा झालो. पोत्याची उशी केली. वाटंवरच्या एका पोराकडनं घरी निरोप धाडला. आबा, बायको, निम्मी आळी पळत आली. मी सगळ्यांना सांगितलं की मला काय दुखत न्हाई, म्हंजे ईख भिनलंय. माझा पितळी तांब्या धाकट्या भावाला द्या. बायकोला माहेरी धाडू नका, तिला ठिवून घ्या. बायकोनं अंगठा धरला, बघितला, आन हळद दाबली.

"उठा," ती म्हनाली. "धामनीला ईख नसतं. बारीक दातांची नक्षी हाय, नागाचे दोन टोचे न्हाईत."

"पन मला आंधारी येतीय."

"डोळे उघडा, मग जाईल."

मी डोळे उघडले, तर खरंच आंधारी गेली. तांब्याचं मातर धाकट्यानं मनावर घेतलं, तो काय परत दिला न्हाई.

तर असा बांडीला वाचवायचा पैला उपाय माझ्या अंगठ्यावर संपला. पंचमी आली. आदल्या दिशी तात्यांची पहार त्यांच्या दारात उभी केल्याली मी सोता बघितली, धार लावून.

पंचमीला आमच्याकडं कुनी नांगर धरत न्हाई, खुरपं धरत न्हाई, भाजी चिरत न्हाई, तवा चुलीवर ठिवत न्हाई. बांधाच्या टोकाला वारूळ हुतं. बाया तिथं लाह्या आन दूध घेऊन जायच्या, फेर धरायच्या. माझ्याकडं वारुळाच्या वाटंवरचे दगड बाजूला करायचं काम. आन अंगावर नवं धोतर.

ह्या धोतराचं जरा सांगाया पायजे. लढाईमुळं कापड मिळत नव्हतं. कंट्रोलचं कापड घ्यायला मानसं राहात्याच्या बाजाराला रांग लावायची. गावात निम्मी मानसं ठिगळावर ठिगळ लावून हिंडायची. बायकोनं लई खटपट करून एक धोतर मिळवल्यालं आन फडताळात ठेवल्यालं. पंचमीला काढून दिलं. नेसलो आन मी रानात असा चाललो की चिखलानंबी बाजूला व्हावं. सदरा काढून मी बाभळीला अडकावला, धोतर वर खोचलं आन दगड उचलाया लागलो.

दोन दगड उचलले असतील. बाजरीच्या कडंला सळसळ झाली. बघतो तर बांडी! आन तिच्यासंगं दुसरी, तेवढीच लांब. दोघी एकमेकीला पीळ घातल्याल्या. दोरखंड वळत्यात न्हाई का, तसा पीळ. मग दोन्ही मुंडकी वर उठली, कंबरेएवढी, एकमेकीला टेकून डोलली, एकीनं दुसरीला खाली दाबलं, दोघी पडल्या, परत उठल्या. अंगं नुसती तुळतुळीत. मी हितं उभा हाय, त्यांना त्याचं काय न्हाई. मी भीलो न्हाई. म्हंजे भीलो, पन पाय हलले न्हाईत. एवढं देखनं मी जन्मात दुसरं काय बघितल्यालं न्हाई.

वढ्याच्या पल्याडनं आबांनी बघितलं. ते तिथनंच वरडले, "जूळ! आरं जूळ हाय ती! कापड टाक!"

आमच्याकडं रीत हाय. सापांची जूळ दिसली की तिच्यावर कोरं कापड टाकायचं. साप त्याच्याखालनं निघून गेले की ते कापड कनगीत ठिवायचं. त्या घराला दानं कमी पडत न्हाईत, आन त्या जुळीच्या सापाला पुन्ना कुनी काठी लावत न्हाई. बाप सांगतो, त्याचा बाप सांगायचा. पन नशिबात असायला पायजे, आन अंगावर कोरं कापड असायला पायजे.

डोक्याला पटका हुता, पन तो आज्याच्या वख्ताचा, त्याला कोरा कोन म्हनंल? सदरा ठिगळाचा. आबा वरडतायत, "टाक! टाक, जातील त्या!" मी इचार केला न्हाई. इचार केला असता तर ही गोष्टच झाली नसती. मी खोचा सोडला, धोतर फेडलं, आन दोन्ही हातांनी पसरून जुळीवर टाकलं.

पडलंबी असं बेताचं, जसं देवाला शेला पांघरला. धोतराखालनं ती दोन मुंडकी उठली, पांढरं कापड वर गेलं, खाली आलं, परत वर गेलं. मी लंगोटावर हात जोडून उभा.

आन तवाच बांधाच्या वळनावरनं बाया आल्या. सगळ्या गावच्या. म्होरं माझी बायको, तिच्या मागं थोरली चुलती, हातात लाह्यांची ताटं. मागनं तात्या, कारन चुलतीचा गुडघा दुखायचा, म्हनून तिला धरून आल्याले.

बायांनी मला बघितलं आन पदर तोंडाला लावले. एक म्हातारी म्हनाली, "गं बाई, ह्याला काय झालं आज?"

मी काय सांगनार? मी बोटानं धोतर दाखवलं. धोतर उठलं. डोललं. सगळ्या बाया जागच्या जागी थांबल्या. मग चुलतीनं ताट खाली ठिवलं आन लाह्या उधळल्या.

बऱ्याच टायमानं पीळ सुटला. एक धामीन बाजरीत गेली. दुसरी धोतराच्या काठाखालनं भाईर आली, मान वर केली, बायांकडं बघितलं, जीभ लवलवली, आन सावकाश बिळात शिरली. सगळ्यात शेवटी आत गेलं ते तुटल्यालं शेपूट. सगळ्यांनी ते बघितलं. तात्यांनीबी.

बाया तात्यांकडं बघत हुत्या. त्यांच्या पहारीचं समद्या गावाला ठाऊक हुतं. आबा वढा वलांडून आले, भिजल्याले, थोरल्या भावापुढं उभे ऱ्हायले. आन पैल्यांदा मी माझ्या बापाची मान वर बघितली.

तात्यांनी डोक्याचा फेटा सोडला. माझ्या अंगावर फेकला. "गुंडाळ कंबरेला, बेशरमा," ते म्हनाले. मग बिळाकडं हात जोडले, वाकले, आन भुईवरनं धोतर उचललं. घडी घातली. लई नीट घातली. आन आबांना म्हनाले, "बांध सामाईक हाय. निम्मं माझं."

आबा म्हनाले, "आन पहार?"

"पहारीचं काय? भोकं पाडायची असत्यात कूड घालायला."

बायको गायीशिवाय आल्ती, तवा ती वारुळाला म्हनाली, "नागोबा, धोतर निम्मं केलं तर आमच्या मानसाला पुढल्या सालापत्तुर काय नेसवावं?" तात्यांनी वारुळाकडं बघून सांगितलं, "फेटा दिलाय की."

धोतर तिथंच फाडलं, मधोमध. निम्मं आमच्या कनगीत, निम्मं त्यांच्या. मी लढाई सरंस्तवर तात्यांचा फेटा नेसून हिंडलो. गुलाबी हुता. लांबनं मानसं म्हनायची, नवरदेव आला.

आता शिकली-सवरली पोरं मला सांगत्यात की बाबा, ती जूळ न्हाई, कुस्ती असती. दोन्ही नर असत्यात आन मादीसाठी झोंबत्यात. तसंबी असंल. म्हंजे आमची बांडी हा बांडा हुता, आन आमी त्याला जन्मभर बाई म्हनलो. त्याच्या फडाला मी माझं धोतर इनाम दिलं एवढंच. कुस्तीला इनाम देत्यातच की.

आश्विनात बाजरी काढायला आली. त्या साली उंदरांनी गावात कहर केल्ता. कनसंच्या कनसं बिळात ओढली, रिकामं सरमाड उभं. बांधाच्या अल्याड आन पल्याड मातर कनसं भरल्याली, वाकल्याली. तात्या लोकांना बोलावून दाखवायचे. "आमच्या धामनीनं राखलं," म्हनायचे. "आमच्या" म्हनताना छाती अशी काढायचे की आबा माझ्याकडं बघून मिशीत हसायचे.

त्याच हप्त्यात तात्यांची म्हैस येली. पोटातलं सात म्हैन्याचं गनित दहा म्हैन्यांचं होऊन भाईर आलं. मागनं फिरनारं ते रेडकू दुसऱ्याच म्हशीचं, दलालानं संगट जोडून दिल्यालं. तात्या सोता खरवस घेऊन आले. ताट गायीपुढं धरलं, आन म्हनाले, "कपिले, तुझ्या मालकिनीला सांग, डोंगरातलं गनित बरोबर आलं." बायकोनं पदरामागनं गायीच्या कानात काय तरी सांगितलं. गायीनं खरवस हुंगला आन तोंड फिरवलं. तात्या एवढे हसले की त्यांना उंबऱ्यावर बसावं लागलं.

शेवटच्या दिशी कापनी बांधापत्तुर आली. तात्यांनी आपल्या अंगानं, आबांनी आमच्या अंगानं बिळाभवती हातभर बाजरी उभीच ठिवली. कुनी कुनाला इचारलं न्हाई. मी इळा घेऊन तिथं गेलो. बिळातनं मुंडकं भाईर आलं, काजळ घातल्यालं, गोल डोळ्यांचं. मला वाटलं ती वळखंल. ती गुरगुरली. मी उलट्या पावलानं पळालो तो पेंढ्यांच्या ढिगाऱ्यात पाठीवर पडलो, आन फेटा सुटला.

तात्या बांधावरनं वरडले, "आरं, आज पंचमी न्हाई! नेस तो फेटा!"

मी पडल्या पडल्या बघितलं. बांडी बाजरीच्या उभ्या धाटांतनं चालल्याली, वरची कनसं हलत हुती. आबा आन तात्या दोघं बांधावर शेजारी उभे ऱ्हाऊन तिच्याकडं बघत हुते. माझ्याकडं कुनाचं ध्यान नव्हतं. तेच बरं हुतं.